जुन्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या जुन्या गाडीचे ब्रेक कमी पडतात. दुसऱ्या गाडीचे मोठे बसवू का?

आधी आहेत ते पूर्ण निरोगी करून बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ऑइल नेणारे रबरी होज (नळ्या) आतून सुजलेले असतात, पिस्टनवर गंज धरलेला असतो, मागच्या ड्रमचं लायनिंग, म्हणजे आतला घासणारा थर, काचेसारखं चकाकत असतं. अशा गाडीचे ब्रेक कमी पडतात म्हणून कंपनीचं मूळ डिझाइनच कमी होतं असं ठरवणं घाईचं आहे.

मी स्वतः एका गाडीसाठी मोठे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग, आणून ठेवले होते. बसवायच्या दिवशी जुने खोलले, तर उजव्या बाजूची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) पान्यानेही हलेना. आतला पॅड अर्ध्याहून जास्त झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. म्हणजे त्या चाकावर कित्येक महिने एकाच बाजूने ब्रेक लागत होता. पिना साफ करून ग्रीस लावलं, रबरं, होज, पॅड आणि ऑइल बदललं. गाडी इतकी सरळ आणि ठाम थांबायला लागली की नवे कॅलिपर पुढे वर्षभर खोक्यातच राहिले. निरोगी मूळ ब्रेक कसे लागतात हे एकदा पायाला कळलं, की बदलाची खरंच गरज आहे का हेही कळतं.

मोठे ब्रेक म्हणजे कमी अंतरात गाडी थांबणार ना?

एका ब्रेकपुरतं बोलायचं तर बहुधा नाही. गाडी थांबवतो तो टायर. तुमचे आत्ताचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर चारही चाकं लॉक होण्याच्या (फिरायचं थांबून घसरण्याच्या) काठावर नेऊ शकत असतील, तर टायरची सगळी पकड ते आजच वापरतायत. तिथून पुढे अंतर कमी करायचं तर ताजे, चांगले टायर घाला.

मोठे ब्रेक लागतात ते तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या ब्रेकसाठी. ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करणं. १००० किलोची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवली, की सुमारे ३८५ किलोजूल उष्णता तयार होते. एक लिटर गार पाणी उकळीच्या काठाला आणायला ती पुरते, आणि ती तयार होते चार-पाच सेकंदांत. वेग निम्मा असेल तर ही उष्णता चौथाईच होते.

यातला ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर आला असं धरा. ४ किलोची डिस्क अशा एका ब्रेकला साधारण ७० अंशांनी तापते, ६ किलोची ५० अंशांच्या आसपास. एकदाच ब्रेक मारला तर फरक जाणवणारही नाही. लांब उतारावर पुन्हा पुन्हा मारत गेलात, की पहिल्या गाडीचे पॅड भाजल्याचा वास यायला लागतो आणि पाय जास्त दाबावा लागतो. डिस्क जड असणं आणि पोटातून हवा खेळती असणं, याचा खरा फायदा इथे आहे. मोठं इंजिन बसवलेली, भरपूर सामान वाहणारी किंवा डोंगराळ रस्त्यावर रोज धावणारी गाडी असेल तर हा बदल नक्की करावा.

कुठल्या मॉडेलचे भाग बसतील हे शोधायचं कसं?

सुरुवात घरातूनच करा. तुमच्याच गाडीची मोठ्या इंजिनची, नंतरच्या सालातली किंवा जड आवृत्ती आधी पाहा. कंपनी सहसा तोच हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) आणि तेच नकल (हब आणि कॅलिपर धरणारा भाग) ठेवून ब्रेक मोठे करते, त्यामुळे निम्मं काम तिच्या इंजिनिअरांनी केलेलं असतं.

माझदा एमएक्स-५ चं उदाहरण घ्या. पहिल्या १.६ लिटरच्या गाडीची पुढची डिस्क सुमारे २३५ मिमीची, पुढच्या १.८ लिटरच्या गाडीची २५५ मिमीची. मोठी डिस्क आणि तिचं ब्रॅकेट (कॅलिपर धरणारा तुकडा) आणलं की काम होतं. जुन्या फोक्सवॅगन गोल्फच्या घराण्यात २३९, २५६ आणि २८० मिमी अशा चढत्या पायऱ्या आहेत. २८० च्या पायरीवर मात्र १५ इंची चाकं घ्यावी लागतात. १९८४ मध्ये मिनीला १२ इंची चाकं आणि पुढे ८.४ इंची डिस्क आली. त्याआधीच्या कित्येक मिनींना पुढेही ड्रमच होते, त्यामुळे जुन्या मिनीवर हा संच चढवणारे खूप आहेत.

घराबाहेरच्या सोयरिकीही जुळतात. डॅटसन २४०झेडवर टोयोटा हायलक्सचे चार पिस्टनचे कॅलिपर आणि बीएमडब्ल्यू २००२ वर व्होल्वो २४० चे कॅलिपर लोक कित्येक वर्षं बसवतायत. पण व्होल्वोच्या त्या कॅलिपरमध्ये एक मेख आहे. त्या गाडीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात आणि दोन्ही लाइन प्रत्येक पुढच्या कॅलिपरला येतात, म्हणजे एका कॅलिपरला दोन होज. तुमच्या गाडीत चाकापर्यंत एकच लाइन येत असेल, तर दुसरं तोंड बंद करून चालत नाही. तसं केलं तर निम्मे पिस्टन कामच करणार नाहीत. दोन्ही तोंडं एका लाइनला जोडावी लागतात. म्हणून कॅलिपर मूळ गाडीत कसा जोडलेला होता हे पाहिल्याशिवाय तो उचलू नका.

मापं कुठली घ्यायची?

व्हर्निअर, पट्टी आणि वही घेऊन बसा. डिस्कचा बाहेरचा व्यास सगळेच मोजतात, घोळ होतो तो बाकीच्या मापांत. डिस्कची जाडी मोजा. हबवर बसणाऱ्या भागापासून घासणाऱ्या भागापर्यंतची खोली, म्हणजे डिस्कच्या टोपीची उंची, मोजा. मधल्या भोकाचा व्यास मोजा. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजा, आणि तो मोजताना ४×९८ आणि ४×१०० (चार बोल्ट, वर्तुळ ९८ किंवा १०० मिमीचं) मधला २ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही हे लक्षात ठेवा. बोल्ट ओढून-ताणून बसतात, डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक मारला की पेडल थरथरतं.

मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधे नेमक्या मापाची रिंग हवी. लहान असेल तर लेथवर वाढवून घेता येतं. बोल्टांची भोकं नव्या वर्तुळावर पाडून घेता येतात, पण फक्त मशीनवर, आणि नवी भोकं जुन्या भोकांच्या मधोमध येत असतील तरच. हाताच्या ड्रिलने हे काम करू नका.

डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून फिरवा. बहुतेक गाड्यांत डगमग ०.१ मिमीच्या आत असावी लागते.

चाकाच्या आत बसेल का?

पुठ्ठ्यावर बघा. कॅलिपर डिस्कवर ठेवून बाजूने दिसणारा आकार पुठ्ठ्यावर उतरवा, कापा आणि रिमच्या आत फिरवा. परिघाकडे आणि आऱ्यांकडे, दोन्हीकडे किमान ३ मिमी जागा सुटायला हवी. आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची शिसं जमेत धरा. नवे पॅड घातले की कॅलिपरचं अंग बाहेर सरकतं, तेही धरा.

कॅलिपर मोठा घेतला तर पेडल खाली जातं, हे खरं का? मास्टर सिलिंडर बदलायचा का?

खरं आहे. थोडं गणित केलं तर चित्र स्वच्छ दिसतं.

समजा, मूळ कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा आहे आणि नवा ५४ मिमीचा. व्यास फक्त ६ मिमीने वाढला, पण क्षेत्रफळ १८१० वरून २२९० चौरस मिमी झालं, म्हणजे २७ टक्के जास्त. तेवढाच पिस्टन पुढे सरकवायला २७ टक्के जास्त ऑइल लागणार. ते मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपातून, यायचं, म्हणून पेडल जास्त खाली जातं. बदल्यात तेवढ्याच दाबाला पकड वाढते. डिस्कही मोठी घेतली आणि पॅडची घासण्याची सरासरी त्रिज्या ९८ वरून १०५ मिमी झाली, तर पुढचा ब्रेक एकूण ३५ टक्क्यांहून थोडा जास्त जोराचा झाला.

आता मास्टर. २०.६ मिमीचा काढून २२.२ मिमीचा घातला तर त्याचं क्षेत्रफळ १६ टक्के वाढतं. पेडल परत वर येतं, पण तेवढ्याच पायाच्या जोराला लाइनमधला दाब सुमारे १४ टक्के घटतो. पेडल ‘कडक’ लागलं म्हणून ब्रेक चांगले झाले असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर पाय जास्त मारावा लागतोय. फार मोठा मास्टर घातलेली गाडी मी चालवली आहे. पेडल दगडासारखं होतं आणि चौकात गाडी थांबवायला मांडीचा जोर लावावा लागत होता. त्यामुळे पेडल प्रवासाच्या मध्याच्या वरच धरत असेल तर मूळ मास्टर राहू द्या. खालच्या तिसऱ्या हिश्शात जात असेल तर एकच पायरी चढा.

एक गोष्ट नीट समजून घ्या : मास्टर बदलल्याने पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा समतोल बदलत नाही, दोन्हीकडचा दाब सारख्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. पुढे वाढलेले ते ३५ टक्के तसेच राहतात.

चार पिस्टनचा कॅलिपर एका पिस्टनच्या तरंगत्या (पिनांवर स्वतः सरकणाऱ्या) कॅलिपरशी ताडून पाहताना फक्त एका बाजूच्या दोन पिस्टनचं क्षेत्रफळ मोजा. चारही मोजले तर आकडा दुप्पट येतो आणि पुढचं सगळं चुकतं.

मग समतोलाचं काय करायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे ती आधी लॉक होऊ पाहतात. लॉक झालेलं चाक बाजूची पकड सोडतं. मागची दोन्ही चाकं लॉक झाली की गाडीचा मागचा भाग पुढे यायला धावतो आणि गाडी गरकन फिरते. हे सावरायला वेळ मिळत नाही. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरते. तेही वाईटच, पण पाय सैल सोडला की ताबा परत येतो. म्हणून गाडी बनवणारे मुद्दाम पुढचा ब्रेक थोडा वरचढ ठेवतात.

तुम्ही फक्त पुढे मोठे ब्रेक बसवलेत तर गाडी सुरक्षित बाजूला झुकते, पण मागचे ब्रेक आळशी होतात आणि थांबायचं अंतर वाढूही शकतं. महागडा संच बसवून गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते ती यामुळेच. फक्त मागे मोठे बसवले तर सरळसरळ धोका आहे, ते करूच नका. दोन्हीकडे बसवायचे असतील तर वरच्यासारखं गणित मागच्या चाकांचंही मांडा आणि पुढे-मागेचं मूळ गुणोत्तर शक्य तितकं राखा.

बऱ्याच गाड्यांत मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, काहींत तो मागच्या सस्पेन्शनला दांडीने जोडलेला असतो. गाडी खाली बसवली असेल तर त्या दांडीचा कोन बदललेला असतो, म्हणजे व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे आणि तो मागे जास्त दाब सोडतो. हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह घालणार असाल तर मूळ व्हॉल्व्ह काढून घाला, दोन्ही एकामागोमाग ठेवू नका. तपासणी बंद, मोकळ्या जागेत करा. वेग कमी ठेवा, आधी कोरड्यावर बघा, मग ओल्यावर. बाहेर उभ्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगा. गाडीत बसून ते कळत नाही.

मागचे ड्रम काढून डिस्क बसवू का?

रोजच्या गाडीला बहुतेक वेळा गरज नसते. नीट जुळवलेला ड्रम मागच्या चाकाचं काम चोख करतो आणि हँडब्रेक तर डिस्कपेक्षा चांगला धरतो. बसवणारच असाल तर हँडब्रेकची व्यवस्था असलेलाच कॅलिपर घ्या. त्याचा पिस्टन बहुधा दाबून आत जात नाही, फिरवत आत घालावा लागतो. क्लॅम्प लावून जोर केलात तर आतलं यंत्र मोडतं.

जुन्या ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो, कधी तो मास्टरच्या तोंडातच लपलेला असतो. ड्रमच्या स्प्रिंगा जोरदार असल्याने तिथे तो खपतो. डिस्कला तसा परत खेचणारा स्प्रिंग नसतो, त्यामुळे पॅड कायम घासत राहतात. नव्या मागच्या डिस्क विनाकारण तापत असतील तर आधी हा व्हॉल्व्ह शोधा.

जुने, वापरलेले कॅलिपर घ्यावेत का?

घ्या, पण सगळे खोला. सील आणि धुळीचं रबर नवीनच घाला. पिस्टनच्या घासणाऱ्या भागावर नखाला लागेल इतका खड्डा असेल तर पिस्टन बदला. डिस्क आणि पॅड मात्र वापरलेले घेऊ नका. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि भंगारातली डिस्क बहुधा त्याच्या जवळ आलेली असते. जुन्या लायनिंगच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवेचा फवारा मारून ती उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रॅकेट घरी बनवलं तर चालेल?

वेल्डिंग करून अजिबात नाही, आणि बीडाच्या कॅलिपरला किंवा नकलला वेल्डिंगचा स्पर्शही नको. हलक्या गाडीच्या एका पुढच्या चाकावर जोरात ब्रेक लागला की कॅलिपरच्या दोन बोल्टांवर मिळून पाऊण टनाहून जास्त ओढ येते. ब्रॅकेट एकसंध जाड पोलादातून मशीनवर कापलेलं हवं, बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि ब्रॅकेटच्या कडेवर बोल्टचा साधा भाग बसायला हवा, आटे नव्हे. ज्या गाडीचा कॅलिपर घेताय तिचं नकलच बसत असेल तर ब्रॅकेटच्या वाटेला जाऊ नका.

जुना पाइप नव्या कॅलिपरला जुळेल?

आटे तपासल्याशिवाय जोडू नका. एम१०×१ (१० मिमीचा, आट्यांत १ मिमी अंतर) आणि ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. ३/८ चा नट एम१० च्या भोकात सैलसा शिरतो, बोटांनी फिरतोही, आणि जोरात पेडल दाबलं की आटे सोडून निसटू शकतो. पाइपच्या तोंडाचेही दोन प्रकार आहेत, एक आत दुमडलेला शंकू आणि एक बाहेर गोलसर फुगीर. एकाच्या जागी दुसरा घातला तर गळती ठरलेली. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. होज जोडल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, चाक वर-खाली करा, आणि होज कुठे ताणला जातोय का, टायरला घासतोय का ते बघा.

ब्रेक ऑइल कुठलं?

डॉट ४ पुरेसं आहे. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० अंश असतो. हवेतलं पाणी ओढल्यावर तेच आकडे १४०, १५५ आणि १८० पर्यंत येऊ शकतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, नाव ५.१ सारखं वाटलं तरी ते या तिघांत कधीही मिसळू नका. सिट्रोएनच्या हिरव्या मिनरल ऑइलवर चालणारे भागही साध्या गाडीला नकोत, त्यांची रबरं वेगळी असतात.

सगळं बसवलं, हवा काढली, तरी पेडल स्पंजासारखं आहे.

निपल (हवा काढायचा स्क्रू) कुठे आहे ते बघा. माझ्याकडून एकदा डावा कॅलिपर उजवीकडे गेला होता. बोल्ट नीट बसले, होज बसला, पॅड बसले. हवा काढायला घेतली तर दोन बाटल्या ऑइल गेलं तरी पेडल तसंच. टॉर्च घेऊन खाली वाकलो तेव्हा दिसलं, की निपल कॅलिपरच्या तळाला होता. हवा वरच्या कोपऱ्यात बसून होती आणि मी खालून ऑइल काढत होतो. दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले आणि पहिल्याच बाटलीत पेडल घट्ट झालं. निपल नेहमी सर्वांत वर यायला हवा.

गाडीत एबीएस आहे. चालेल?

एबीएस म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि तिचं गणित मूळ ब्रेकवर बसवलेलं असतं. त्याच गाडीच्या मोठ्या आवृत्तीचे भाग असतील आणि सेन्सरच्या दात्यांची संख्या तीच असेल, तर चालतं. त्यापलीकडे मी जाणार नाही.

कायद्याचं आणि विम्याचं काय?

देशागणिक नियम वेगळे आहेत. काम सुरू करायच्या आधी तुमच्या तपासणी केंद्राला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, कुठले भाग बसवले त्याची नोंद आणि फोटो ठेवा.

नवे पॅड लगेच जोरात वापरू का?

नाही. ताशी ६० वरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग कमी करा आणि मधे थोडं गार होऊ द्या. गरम ब्रेकवर पाय दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

पहिल्या दिवसांत काय तपासायचं?

गाडी हलवायच्या आधी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड बोटाने चाचपायला सांगा. बोल्ट टॉर्क पान्याने आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या फेरीनंतर, मग १०० किमीवर आणि ५०० किमीवर चाक काढून बघा. रेघ तुटलेली दिसली तर गाडी तिथेच उभी करा, बोल्ट का हलला ते शोधा, आणि तो पुन्हा वापरू नका, नवा घाला.